वाचणाऱ्या नजरेचा माग

मूल वाचताना अडखळलं की आईवडील आधी त्याला चष्मेवाल्याकडे नेतात. नंबर निघाला नाही की मग माझ्यासारख्या विशेष शिक्षिकेकडे येतात. डोळ्यांवरचा हा संशय जुना आहे. त्याचा इतिहास मी पालकांना आवर्जून सांगते.

पॅरिसचे नेत्रवैद्य एमिल जावाल यांनी १८७९ च्या सुमारास वाचनावर लेखमाला लिहिली. ओळीवरून नजर सलग सरकत नाही. चिमणीसारखी टुणटुण उडत, मध्येच थांबत जाते, हे त्यांच्या प्रयोगशाळेत उमगलं. या उड्या कागदावर उतरवायचा खटाटोप अमेरिकेत एडमंड ह्यूई यांनी केला. डोळा औषधाने बधिर करायचा, बुबुळावर मधोमध भोक असलेली प्लास्टरची इवलीशी वाटी बसवायची आणि तिला जोडलेल्या ॲल्युमिनियमच्या काट्याने काजळी धरलेल्या ड्रमवर रेघोट्या ओढायच्या! लहान मुलांच्या डोळ्यांशी असला खेळ कोण करू देणार?

१९०१ मध्ये रेमंड डॉज आणि क्लाइन यांनी बुबुळावरून परतणारा प्रकाश कॅमेऱ्यात टिपला. आता डोळ्याला हात लावायची गरज उरली नाही, आणि मुलांचा अभ्यास शक्य झाला. शिकागोच्या गाय बसवेल यांनी १९२२ मध्ये दाखवून दिलं, की वाचन मुरत जातं तसे ओळीतले थांबे कमी आणि छोटे होतात, नजर मागे वळणंही घटतं.

इथेच अनेकांची गल्लत झाली. नजर अडखळते म्हणून वाचन अडतं, असं समजून अमेरिकेत १९३० च्या दशकात नजरेला कवायत शिकवणारी यंत्रं विकली गेली. पुढच्या संशोधनातून बहुतांशी उलटंच निघालं: शब्द उलगडत नाही म्हणून नजर थबकते.

तरीही ते थबकणं उपयोगी आहे. स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी १८५ मुलांच्या वाचतानाच्या नजरेच्या जुन्या नोंदी संगणकाला दिल्या. वाचनदोषाचा धोका असलेली मुलं त्याने सुमारे ९६ टक्के अचूकतेने ओळखली; हा निबंध २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

यंत्र मूल हेरून देईल. अक्षर आणि उच्चार यांची सांगड मात्र शिक्षकालाच रोज घालून द्यावी लागते. म्हणून पालकांनो, डोळे जरूर तपासा, पण नंबर नाही म्हणून निर्धास्त राहू नका. वाचनाची तपासणी दुसरी-तिसरीतच करून घ्या.