दिवसाची नोकरी, सायंकाळचा जमाखर्च

आपल्या ज्ञातीतील वकील, डॉक्टर व सरकारी अधिकारी यांची चरित्रे आम्ही वेळोवेळी छापली; जुन्या स्मरणिकांतून त्यांची छायाचित्रेही आढळतात. परंतु दिवसभर कचेरीत खर्डेघाशी करून सायंकाळी हिशेबशास्त्राची पुस्तके उघडणारा जो मोठा वर्ग आपल्या घराघरांतून होऊन गेला, त्याच्याविषयी चार ओळीही आम्ही लिहिल्या नाहीत. ही उणीव थोडीफार भरून काढावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू.

जमाखर्च आपल्या वाडवडिलांना नवा नव्हता. मोडीतील रोजकीर्द, खतावणी, तेरीज ही सर्व विद्या पेढीवर मांडी घालून शिकण्याची. तिला परीक्षा नव्हती व पदवीही नव्हती. पालट झाला तो १९१३ साली. त्या वर्षीच्या कंपनी कायद्याने हिशेबतपासनिसास सरकारी दाखला आवश्यक केला, आणि त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालय निघाले. १९१८ मध्ये ‘गव्हर्नमेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी’ ही परीक्षा सुरू झाली. ती उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त हिशेबनिसाच्या हाताखाली तीन वर्षे उमेदवारी केली, म्हणजे हिंदुस्थानभर हिशेबतपासणी करण्याचा अधिकार मिळे.

खरी अडचण या तीन वर्षांची होती. परीक्षेचा अभ्यास रात्री करता येई. उमेदवारी रात्री करता येत नसे. उमेदवाराने वेतन घ्यावयाचे तर दूरच, उलट पुष्कळदा त्यानेच गुरूला ‘प्रीमियम’ म्हणून रक्कम मोजावी, अशी त्या धंद्यातील चाल होती. मॅट्रिक होताच ज्याच्या पगारावर पाठची भावंडे शिकावयाची, त्याने हे कसे करावे? १ जुलै १९४९ रोजी सनदी लेखापालांचा कायदा अमलात आला व धंद्याचा कारभार स्वायत्त संस्थेकडे गेला. तथापि उमेदवारीची अट कायम राहिली. प्रीमियम जाऊन विद्यावेतन आले ते पुष्कळ पुढे.

म्हणून आपली माणसे बी. कॉम.कडे वळली. येथे एक गंमत नमूद केली पाहिजे. मुंबईत नोकरदारांचे ‘सायंकाळचे शिक्षण’ अनेकदा भल्या सकाळी होत असे. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली काढलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाचे वर्ग कचेऱ्या उघडण्यापूर्वी भरत, ते नोकरी करणाऱ्यांची सोय व्हावी म्हणूनच. वाणिज्याचे स्वतंत्र सिद्धार्थ महाविद्यालय १९५३ साली निघाले. सायंकाळ उरे ती अभ्यासास. दोन खोल्यांचे बिऱ्हाड. पाटावर बाटलीबॉयांचे जाडजूड पुस्तक. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळेपर्यंत घरातील मुलांनी गप्प बसावे, आणि गृहिणीने जेवण दोनदा गरम करावे. तिचे नाव कोणत्याच प्रमाणपत्रावर आले नाही. चार वर्षांचा क्रम सहा-सात वर्षे चाले, वर्ग बहुधा तिसरा मिळे.

याच सुमारास एक विलक्षण प्रसंग आमच्या संस्थेवरच आला. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने न्यासांचे हिशेब सनदी लेखापालाकडून अथवा शासनाने अधिकृत केलेल्या व्यक्तीकडून तपासून घेणे प्राप्त झाले. आमची कीर्द-खतावणी रात्री जागून लिहिणारे खजिनदार स्वतः रात्री शिकलेले पदवीधर होते; पैचीही चूक त्यांच्या वहीत सापडत नसे. तपासणीची सही मात्र बाहेरून, दक्षिणा देऊन आणावी लागे. तो कागद ते प्रतिवर्षी स्वतःच जाऊन घेऊन येत. कायदा योग्यच होता, कारण लिहिणारा व तपासणारा एक असू नये. पण आपल्यातील कोणी तपासणारा का झाला नाही, हा प्रश्न आम्ही तेव्हा विचारला नाही.

नोकरदाराला दुसरी वाट परिव्ययलेखनाने दिली. कॉस्ट अकाउंटंटांची संस्था १९४४ साली कलकत्त्यास स्थापन झाली व १९५९ साली तिला कायद्याचे अधिष्ठान लाभले. हिची परीक्षा नोकरी न सोडता, टपालाने धडे मागवून देता येई. कारखान्यात केलेले काम व्यावहारिक अनुभव म्हणून धरले जाई. जी नोकरी एका दारी अडसर झाली, तीच दुसऱ्या दारी पात्रता ठरली! गिरण्या व कारखाने यांनी भरलेल्या मुंबईत या गोष्टीचे मोल मोठे होते.

आता थोडे आमच्या शिष्यवृत्ती फंडाविषयी. त्याचे जुने नियम आम्ही पुन्हा वाचले. ‘पूर्ण वेळ शिक्षण घेणारा व अर्थार्जन न करणारा’ विद्यार्थीच अर्जास पात्र होता. नोकरी करून शिकणाऱ्यास पगार आहे, त्यास मदत कशाला, असा तो विचार. त्याच्या पगारावर किती ताटे वाढली जात हे कोणी पाहिले नाही. गुणवंतांच्या सत्कारास पहिला किंवा दुसरा वर्ग लागे, त्यामुळे त्या यादीतही तो कधी आला नाही.

त्या खजिनदारांनी लिहिलेल्या वह्या कार्यालयातील कपाटात अद्याप आहेत. पहिल्या काही वह्या मोडीत असून पुढल्या बाळबोधीत आहेत. ज्या कुटुंबांत अशा विद्यार्थ्यांची प्रमाणपत्रे, परीक्षाशुल्काच्या पावत्या अथवा टपालाने आलेले धडे जपून ठेवले असतील, त्यांनी ते चिटणिसांकडे पाहावयास द्यावेत. नकला करून मूळ कागद परत केले जातील.