मनावरची माशी

बंदुकीच्या नळीच्या टोकावर जो बारीक दाणा किंवा पाते असते, त्याला बंदूकवाले माशी म्हणतात. मागची खाच, ही माशी आणि लक्ष्य एका रेषेत आले की नेम धरला गेला. मात्र माशी नळीच्या मधोमध बसलेली नसेल, तर डोळा कितीही स्थिर असो, गोळी भलतीकडेच जाणार. हिशेब साधा आहे. खाच आणि माशी यांच्यात अर्धा मीटर अंतर धरले, तर माशी एक मिलिमीटर सरकल्यावर शंभर मीटरवरची गोळी वीस सेंटिमीटर चुकते. दुरुस्तीची रीत नवख्याला उलटी वाटते. गोळी उजवीकडे लागत असेल तर माशीही उजवीकडेच सरकवायची. गोळी वर लागत असेल तर माशी उंच करायची. कारण नेम धरणारा माशीला पुन्हा रेषेत आणू पाहतो आणि त्या नादात नळी डावीकडे किंवा खाली नेतो. हे काम हलक्या हातोडीचे, कानशीचे आणि धीराचे आहे. पण त्याची खरी अट वेगळीच आहे. माशी चुकली आहे हे बघून कळत नाही, गोळी झाडूनच कळते. झाडा, बघा, केसभर सरकवा, पुन्हा झाडा. ज्या कारागिराला उघडपणे गोळी झाडता येत नाही, त्याला माशी जुळवता येत नाही. धार जिल्ह्यातल्या मनावर भागाच्या एका जुन्या धंद्याचा इतिहास या एका अटीवरून वाचता येतो, असे मला वाटते.

मान नदीकाठचे मनावर हे विंध्याच्या खालच्या निमाडातले गाव. धारचे पवार, इंदूरचे होळकर, ग्वाल्हेरचे शिंदे अशा मराठी दरबारांच्या हद्दी या मुलखात एकमेकींत गुंतलेल्या होत्या. याच तालुक्यातल्या सिंघाना गावाचे नाव आज वर्तमानपत्रांत येते ते बहुधा एकाच कारणाने: सिकलीगरांची वस्ती, पोलिसांचा छापा, जप्त झालेली पिस्तुले. सातपुड्याच्या बाजूला, महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या बडवानी जिल्ह्यातल्या उमर्टीचीही तीच ख्याती, आणि जळगाव-पुण्याच्या पोलिसांना ते नाव चांगले ठाऊक आहे. सिकलीगर हा शब्द मराठीला परका नाही. शिकल करणे म्हणजे हत्याराला पाणीदार चकाकी आणणे. आपल्याकडचे शिकलगार हे आडनाव त्यातूनच आले. अरबी-फारसीतून आलेल्या या शब्दात बंदूक नाही, फक्त झिलई आहे. निमाडातले सिकलीगर शीख आहेत आणि आपल्या धंद्याचे नाते गुरूंच्या फौजांना शस्त्रे पुरवण्याशी जोडतात. कुलपे, किल्ल्या, तवे, बादल्या, सुऱ्या हीसुद्धा याच हातांची कामे.

इथे पहिली हरकत येते. झिलई करणारा आणि बंदूक बनवणारा हे दोन वेगळे कारागीर नव्हेत का? मूळचे असतीलही, पण बंदुकीच्या कामात कानसवाला हा शेवटचा आणि निर्णायक माणूस असे. अबुल फझलने ‘आईन-इ-अकबरी’त सोळाव्या शतकाच्या अखेरीस बादशाही बंदूकखान्याचे जे वर्णन केले आहे, ते या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. नळीत एक तृतीयांश दारू भरून चाचणी घेत. गोळी नीट जात नसेल तर नळी तापवून, आत लाकडी दांडा घालून सरळ करत आणि मग ती कानसवाल्याच्या हाती देत. तयार बंदुकीवर घडवणाऱ्याचे नाव, ठिकाण, महिना आणि वर्ष कोरले जाई. १५६८ मध्ये चितोडच्या वेढ्यात अकबराने किल्ला लढवणाऱ्या जयमलला टिपले ते ‘संग्राम’ नावाच्या बंदुकीने, हे सर्वश्रुत आहे. मला त्या नेमापेक्षा ही पद्धत महत्त्वाची वाटते. उघड चाचणी, चुकीची दुरुस्ती आणि नळीवर कारागिराचे नाव, या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र दिसतात. चौथी गोष्ट ग्रंथात लिहिण्याची गरज नव्हती: बंदूक डावीकडे मारते म्हणून कुरकुरत परत येणारे गिऱ्हाईक. अकबराच्या बाबतीत ते गिऱ्हाईक स्वतः बादशहाच होता.

कुणी म्हणेल, तोड्याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत, गोळी सैल, जामगीने दारू पेटेपर्यंत हात हलायचा. तिला माशी असली काय आणि नसली काय. हा आक्षेप अर्धा खरा आहे. पण वस्तूच त्याविरुद्ध साक्ष देतात. संग्रहालयांतल्या हिंदुस्थानी तोड्याच्या बंदुका पाहिल्या, तर बहुतेकींच्या फुगीर तोंडावर माशी आणि मागे खाचेचा ठोकळा दिसतो. उलट ज्या ब्रिटिश मस्केटला आपण आधुनिक म्हणतो, त्या ब्राउन बेसला मागची खाचच नव्हती. संगीन अडकवण्यासाठी नळीवर जी गाठ होती, तीच माशी म्हणून चालवून घेत. कारण उघड आहे. ती बंदूक एका माणसाने एका लक्ष्यावर झाडायची नव्हती, शेकडोंनी एकदम झाडायची होती. महादजी शिंद्यांनी द बॉयन या युरोपीय सेनानीच्या हाताखाली कवायती पलटणी उभ्या केल्या आणि आग्र्याला सँगस्टर या स्कॉटिश माणसाने त्यांच्यासाठी तोफांबरोबर बंदुकाही घडवल्या, त्याही याच घाटाच्या. म्हणजे उत्तर हिंदुस्थानात ‘सुधारणा’ आली तेव्हा माशीचे महत्त्व आधी घटले. पहिल्या अफगाण युद्धात लांब नळीच्या जझैलींनी ब्रिटिश मस्केटच्या टप्प्याबाहेरून माणसे टिपली, तेव्हा हा फरक साहेबाच्या चांगलाच लक्षात आला. देशी बंदूक मंद होती, ओबडधोबड होती, पण ती एका माणसाची होती आणि तिची माशी त्या एकाच नळीपुरती जुळवलेली असे.

पुढे आटे पाडलेल्या नळीची रायफल आली आणि माशीला पुन्हा भाव आला, पण दुरुस्तीची जागा बदलली. ली-एन्फिल्ड रायफल विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनू लागली. तिची माशी तिरप्या कडांच्या खाचेत आडवी बसते. वेगवेगळ्या उंचीची पाती तयार मिळत आणि आर्मोरर एका खास शिकंजाने माशी डावी-उजवीकडे ढकलत असे. कारागिराच्या अंदाजाची जागा सुट्या भागांच्या मापांनी घेतली. तरीही चाचणी सुटली नाही. ती कारखान्याच्या आणि छावणीच्या चांदमारीत गेली, एवढेच. गावच्या कारागिराची वाट मात्र याआधीच अवघड होऊ लागली होती. १८५७ च्या ऑक्टोबरात धारच्या किल्ल्याला वेढा पडला, पुढच्या फेब्रुवारीत अमझेऱ्याच्या राव बख्तावरसिंहांना इंदूरला फाशी झाली. त्यानंतर सरकारला रयतेच्या हातातल्या बंदुकीची धास्ती वाटू लागली होती. १८७८ चा शस्त्र कायदा त्या धास्तीचेच अपत्य. संस्थानी मुलखात तो जसाच्या तसा लागू नव्हता, पण वारा तोच होता.

स्वतंत्र भारताने १९५९ चा शस्त्र कायदा केला. त्याचे पाचवे कलम बंदूक बनवण्या-विकण्यापुरते थांबत नाही. विनापरवाना दुरुस्त करणे आणि झाडून पाहणे हेही त्यात स्पष्टपणे येते. कायद्याच्या बाजूने हे योग्यच आहे. त्या पिस्तुलांनी जी माणसे मरतात ती खरी असतात, आणि सिकलीगराच्या कौशल्याचे गोडवे गाताना ते विसरणे मला क्षम्य वाटत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा निर्मितीची किमान शिक्षा तीन वर्षांवरून सात वर्षांवर नेली. पण कायद्याचा परिणाम फक्त माणसांवर होत नाही, वस्तूवरही होतो. लपून बनवलेल्या हत्यारावर कारागीर आपले नाव कोरत नाही. ते निवांतपणे दहादा झाडून पाहता येत नाही, कारण आवाज लपत नाही. आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येत नाही. येऊ नये अशीच दोघांची इच्छा असते. आईनमधली चाचणी, दुरुस्ती आणि नाव, तिन्ही एकदम गेली. उरली ती कानस.

यावर कुणी म्हणेल की आजच्या जप्त पिस्तुलांवरही माशी असते, कारखान्यातल्या मालाची हुबेहूब नक्कल असते ती. असते; पण नकलेतली माशी आकारापुरती असते. न जुळवलेली माशी म्हणजे बंद घड्याळाचे काटे. याहून बळकट हरकत अशी, की दोष कायद्याचा नसून गिऱ्हाइकाचा आहे: ज्याला दोन हातांवरून मारायचे आहे त्याला नेम कशाला हवा? हे मला मान्य आहे, फक्त ते गिऱ्हाईक आले कुठून हे विचारायला हवे. पिकाची राखण करणारा, शिकारी, ठाकूर, दरबारचा शिपाई ही नेमाची किंमत जाणणारी माणसे परवान्याच्या दुकानाकडे वळली. गुपचूप येणारा तेवढा उरला. परवाना मिळाला असता तर सगळे सुरळीत झाले असते, असेही मी म्हणणार नाही. मीर कासिमने ज्या मुंगेरात शस्त्रांचा कारखाना काढला, तिथे आजही परवान्याचे खासगी बंदूक कारखाने एका आवारात आहेत, आणि त्याच मुंगेरचे नाव चोरट्या पिस्तुलांसाठीही घेतले जाते. परवाना गुन्हा थांबवत नाही. पण त्या आवारात बंदूक झाडून पाहता येते, तिच्यावर क्रमांक पडतो, आणि ती चुकली तर कुणाला तरी जाब द्यावा लागतो.

मनावरहून विंध्य चढून वर गेले की महू. १८१८ मध्ये होळकरांशी झालेल्या मंदसौरच्या तहानंतर ही छावणी वसली. तिथल्या लष्करी नेमबाजी केंद्राचे नेमबाज ऑलिंपिकपर्यंत गेले. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ज्या पन्नास मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते. आपला आधीचा हिशेब लावला, तर माशीची केसाएवढी, मिलिमीटरच्या विसाव्या भागाची चूकही गोळी त्या वर्तुळाच्या कडेला नेते. म्हणून त्या रायफलींच्या माशा आणि भिंगे बारीक टिचक्यांनी सरकतात, आणि प्रत्येक टिचकीमागे सरावाच्या असंख्य गोळ्या असतात.

सिंघान्याच्या बंदुकीचीही एकदा कायदेशीर चाचणी होते. ती जप्त झाल्यावर पोलीस दलातला आर्मोरर किंवा सागरच्या राज्य न्यायसहायक प्रयोगशाळेतला तज्ज्ञ तिची तपासणी करतो. न्यायालयाला तिच्याबद्दल जाणून घ्यायचे असते ते इतकेच, की हे हत्यार चालू स्थितीत आहे का, त्यातून गोळी सुटते का. गोळी कुठे लागते, हे त्या अहवालात कुणी विचारत नाही.