खाते बंद की आपल्यालाच मज्जाव?

फेसबुकवरील एखाद्या स्नेह्याचे प्रोफाइल अचानक दिसेनासे झाले, की पहिली शंका येते ती त्याने आपल्याला ‘ब्लॉक’ केल्याची. मात्र खाते तात्पुरते बंद म्हणजे ‘डिअ‍ॅक्टिव्हेट’ केलेले, कायमचे काढून टाकलेले किंवा कंपनीने निलंबित केलेलेही असू शकते. फेसबुक याची सूचना मित्रांना देत नाही. त्यामुळे तर्क खुणांवरूनच करावा लागतो.

सर्वांत उपयुक्त खूण सामाईक मित्राकडे मिळते. त्याला ते प्रोफाइल दिसत असेल, तर खाते चालू असून आपल्यालाच मज्जाव असण्याची शक्यता अधिक. कोणालाच दिसत नसेल, तर खाते बहुधा बंद आहे. तात्पुरत्या बंद खात्याचे नाव मित्रांच्या यादीत राहू शकते, पाठविलेले संदेशही शिल्लक राहतात. मात्र प्रोफाइल उघडत नाही. मेसेंजर चालू ठेवण्याची मुभा असल्याने खाते बंद ठेवूनही संबंधित व्यक्ती तेथे उत्तर देऊ शकते.

तात्पुरते बंद केलेले खाते पुन्हा लॉग-इन करताच पूर्ववत होते. कायमचे काढण्याची विनंती मात्र ३० दिवसांच्या आतच मागे घेता येते.

या खुणांवरून काय घडले याचा अंदाज येतो, का घडले याचा नाही. परीक्षा, आजारपण, मनःस्ताप किंवा निव्वळ कंटाळा, यांपैकी कोणतेही कारण असू शकते. त्यामुळे मनात अढी धरण्यापूर्वी एक दूरध्वनी करणे श्रेयस्कर.