मूल बालगृहात गेलं, आता आई-बापांनी काय करायचं?

भोपाळच्या इंद्रपुरीत, भेलच्या बाजूला भाड्याच्या खोलीत राहणारं एक मराठी कुटुंब समजा. बाप दारू पिऊन मारतो, आई माहेरी बैतुलकडे निघून गेलेली, सात वर्षांची पोर शेजाऱ्यांच्या भरवशावर. कुणीतरी १०९८ वर फोन लावतो आणि पोरगी बालगृहात जाते. मग बाप वकील गाठतो, कोर्टाच्या चकरा सुरू करतो. पण पहिला दरवाजा कोर्टाचा नाहीच, तो बालकल्याण समितीचा.

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) कायदा, २०१५ प्रमाणे प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मूल समितीपुढे आणावं लागतं. अध्यक्ष आणि चार सदस्यांच्या या समितीला दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. घरची सामाजिक तपासणी १५ दिवसांत आणि अंतिम आदेश चार महिन्यांत, असं कायदा सांगतो.

अमेरिकेत न्यायालय थेट आई-बापाला यादी देतं: व्यसनमुक्ती, पालकत्वाचा वर्ग, ठरलेल्या भेटी. तिथल्या १९९७ च्या कायद्याने घड्याळही लावलंय. मागच्या २२ महिन्यांपैकी १५ महिने मूल सरकारी ताब्यात राहिलं, तर काही अपवाद वगळता पालकांचा हक्क संपवण्यासाठी राज्याला अर्ज करावा लागतो. आपल्याकडे पालकांसाठी असा वेगळा आराखडा नाही. आराखडा असतो तो मुलाचा, 'वैयक्तिक काळजी योजना'. त्यात मुलाचं आरोग्य, शिक्षण, मनाची अवस्था आणि घरी परतण्याची शक्यता लिहिलेली असते. आई-बापाने काय सुधारायचं ते समितीच्या आदेशात आणि हमीपत्रात येतं. कधी स्पष्ट येतं, कधी 'नीट सांभाळ करीन' एवढ्यावर भागतं, आणि खरी गोची इथेच होते. नुसतं 'नीट' म्हणजे काय, हे पुढच्या तारखेला कोण ठरवणार?

म्हणून पालकांनी समितीकडे लेखी अटी मागाव्यात. दारू सोडायची तर कुठल्या केंद्रात जायचं, किती दिवस आणि दाखला कुणाचा चालेल. मुलाला भेटायचं कधी. घरी तपासायला कोण येणार. कायद्याच्या कलम ३७ खाली बालकल्याण अधिकारी किंवा समाजसेवकाच्या देखरेखीत मूल घरी देता येतं. मूल संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं कायद्याचंच तत्त्व आहे. मुद्दा फक्त गरिबीचा असेल तर मिशन वात्सल्यची प्रायोजकत्व मदत विचारावी. महिना ४,००० रुपये मिळतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपये. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षात करायचा.

एक कागद मात्र डोळे झाकून सही करायचा नाही, तो म्हणजे समर्पणपत्र. 'थोडे दिवस ठेवून घ्या' असा त्याचा अर्थ नव्हे. फेरविचाराला ६० दिवस मिळतात, त्यानंतर मूल दत्तक देण्यासाठी मोकळं ठरवता येतं.

राज्याची हद्द ओलांडणाऱ्या कुटुंबांसाठी कलम ९५ कामाचं आहे. मूल भोपाळला सापडलं पण घर अमरावतीला किंवा बेळगावला असेल, तर तिथल्या समितीशी सल्लामसलत करून, मुलाचं हित त्यातच आहे अशी खात्री झाल्यावर, भोपाळची समिती मूल तिकडे पाठवू शकते. आदेश मिळाल्यावर १५ दिवसांत पोलिसांनी पोचवायचं. मुलगी असेल तर महिला पोलीस सोबत हवीच. पुढची चौकशी मग घरच्या जिल्ह्यातली समिती करते. वरच्या उदाहरणातल्या आईने बैतुलच्या समितीपुढे आपला पत्ता, राहण्याची सोय आणि कुणाचा आधार आहे ते आधीच मांडलं, तर वेळ वाचतो. आदेशाची आणि काळजी योजनेची प्रत मागून जवळ ठेवावी. हिंदीत, कन्नडमध्ये असली तर वाचून घ्यावी, कारण आदेश मान्य नसेल तर बाल न्यायालयात अपील करायला ३० दिवसच असतात.