शेवटानंतरची संहिता : विज्ञानकथा-मालिकेचा समारोप आणि प्रेक्षकप्रतिसादाचा इतिहास

१

साहित्यकृतीचा शेवट हा सर्वस्वी लेखकाच्या अधिकारातला भाग आहे, हे गृहीत धरूनच पारंपरिक समीक्षा चालत आली. वाचकाला शेवट आवडला वा नावडला, हा त्याच्या अभिरुचीचा प्रश्न मानला गेला, संहितेचा नव्हे. या गृहीताला पहिला मोठा धक्का बसला तो १९६७ च्या सुमारास. फ्रँक कर्मोड यांचे 'द सेन्स ऑफ ॲन एन्डिंग' हे पुस्तक त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. माणूस काळाच्या मध्यावर जगतो. आरंभ त्याने पाहिलेला नसतो आणि अंत तो पाहणार नसतो. म्हणून आरंभ-मध्य-अंत यांची संगती लावणाऱ्या कथांची त्याला गरज भासते, असे कर्मोड यांचे प्रतिपादन होते. त्याच वर्षी कोन्स्टान्झ विद्यापीठातील व्याख्यानात हान्स रॉबर्ट याउस यांनी साहित्येतिहासाच्या केंद्रस्थानी वाचकाचे 'अपेक्षांचे क्षितिज' आणले. आणि योगायोगाने त्याच वर्षाच्या सप्टेंबरमध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीवर 'द प्रिझनर' ही मालिका सुरू झाली. तिच्या शेवटाने हा सैद्धांतिक प्रश्न घराघरांतील दिवाणखान्यात नेला.

विज्ञानकथा-मालिकांच्या अखेरच्या भागांवर उमटलेल्या प्रतिक्रियांना समीक्षेने आजवर फारसे गंभीरपणे घेतलेले नाही. चाहत्यांचा रुसवा, लोकप्रिय संस्कृतीचा उथळपणा किंवा व्यापारी करमणुकीचा अपरिहार्य परिणाम अशी त्यांची बोळवण होते. प्रस्तुत विवेचनाचे म्हणणे वेगळे आहे. शेवटावरची प्रतिक्रिया हा त्या कृतीच्या गुणवत्तेविषयीचा निवाडा नव्हे. कृती आणि तिचा ग्राहक यांच्यात कोणता अलिखित करार झाला होता, याचा तो दस्तऐवज आहे. करार पाळला जात असतो तोवर तो दिसत नाही. तो मोडला, किंवा मोडला असे वाटले, की त्याची कलमे स्पष्ट होतात. आणि अनेकदा ही प्रतिक्रिया मूळ संहितेच्या बाहेर न राहता तिच्यातच प्रवेश करते.

२

हा व्यवहार दूरचित्रवाणीने जन्माला घातलेला नाही. मराठी वाचकाला तो पाहण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. पूर्वी अकोला जिल्ह्यात असलेले आणि १९९८ पासून वाशीम जिल्ह्यात समाविष्ट झालेले कारंजा लाड हे गाव शेवटाच्या दोन परंपरा एकाच ठिकाणी सांभाळून आहे.

पहिली परंपरा हस्तलिखितांची. येथील जैन मंदिरांतील ग्रंथभांडारांकडे विद्वानांचे लक्ष रायबहादुर हिरालाल यांच्या १९२६ च्या मध्यप्रांत-वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांच्या सूचीमुळे वेधले गेले. पुढे कारंजा जैन ग्रंथमालेतून प. ल. वैद्य यांनी संपादित केलेले पुष्पदंताचे 'जसहरचरिउ' (१९३१) आणि हीरालाल जैन यांनी संपादित केलेले 'करकंडचरिउ' (१९३४) यांसारखे अपभ्रंश ग्रंथ प्रकाशात आले. हस्तलिखित हाताळणाऱ्याला ठाऊक असते की, तेथे कवीचा शेवट हा पोथीचा शेवट नसतो. त्यानंतर पुष्पिका येते, प्रशस्ती येते. ग्रंथ कोणी लिहवून घेतला, कोणासाठी, कोणत्या तिथीस, हे तेथे नोंदले जाते. लेखनिक पाठ-मान मोडून आल्याची तक्रार करतो, चुकांची क्षमा मागतो, पोथीला तेलापाण्यापासून जपा अशी विनवणी करतो. लेखनिक हा ग्रंथाचा सर्वांत चिकाटीचा वाचक. त्याने प्रत्येक अक्षर वाचलेले असते. कवी गप्प झाल्यावर तो बोलतो, आणि त्याचे बोलणे पोथीचाच भाग होऊन पुढच्या वाचकापर्यंत पोचते.

दुसरी परंपरा अधिक परिचित आहे. 'गुरुचरित्रा'चे नायक श्रीनृसिंहसरस्वती यांचे जन्मस्थान म्हणून कारंजाची ख्याती आहे. सरस्वती गंगाधरांच्या या ग्रंथाची अखेर नायकाच्या प्रयाणाने होते. भक्तांचा निरोप घेऊन, पुष्पासनावर बसून श्रीगुरू श्रीशैलाकडे, कर्दळीवनाकडे जातात. गाणगापुरी आपण गुप्तरूपाने राहणारच आहोत असे आश्वासन देतात. आणि पोचल्याची खूण म्हणून प्रवाहातून फुले येतात. नायकाचे जाणे आणि नायकाचे असणे या दोन परस्परविरोधी गोष्टी हा शेवट एकत्र नांदवतो.

कथनमीमांसेच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे आहे ते प्रयाणानंतरचे. सगळे चरित्र सिद्धमुनी नामधारकाला सांगत आहेत. ते ऐकून संपल्यावर नामधारक तटस्थ होतो, त्याला भावावस्था लागते. सिद्धांना त्याला भानावर आणावे लागते. मग अवतरणिका येते, म्हणजे सगळ्या चरित्राचे अध्यायवार पुनःस्मरण. श्रोत्याची प्रतिक्रिया येथे ग्रंथाच्या आतच चित्रित झाली आहे, आणि त्या प्रतिक्रियेला उत्तर म्हणून ग्रंथ पुन्हा एकदा, संक्षेपाने, सांगितला गेला आहे. प्रचलित प्रतींत अध्यायसंख्या एक्कावन्न, बावन्न वा त्रेपन्न अशी वेगवेगळी आढळते, आणि हा फरक जाणवतो तो मुख्यतः अखेरीस. शेवटाची जागा परंपरेने पुरती बंद केलेली नाही.

या दोन परंपरांमधून एक ऐतिहासिक निष्कर्ष निघतो. मुद्रणपूर्व संस्कृतीत शेवट हा लेखक आणि ग्राहक यांच्या सामायिक मालकीचा होता. मुद्रणाने ही मालकी लेखकाकडे एकवटली. दर आठवड्याला घरात येणाऱ्या मालिकेने ती पुन्हा वादात आणली.

३

भारतीय दूरचित्रवाणीवर हा वाद प्रथम उघडपणे झाला तो विज्ञानकथेवरून नव्हे. रामानंद सागर यांची 'रामायण' ही मालिका २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झाली आणि ३१ जुलै १९८८ रोजी रामराज्याभिषेकाशी थांबली. उत्तरकांड वगळले जाणार याविरुद्ध जालंधर येथील वाल्मीकी समाजाच्या सफाई कामगारांनी संप पुकारला, आणि त्याचे लोण इतर शहरांत पसरले. अखेर शासनाला नमते घ्यावे लागले, आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात 'उत्तर रामायण' दूरदर्शनवर दिसू लागले.

या घटनेकडे भाविकतेचा उद्रेक म्हणून पाहणे हा तिचा अपमान ठरेल. संप करणाऱ्यांना कथा ठाऊक होती. पुढे काय होते हे त्यांना विचारायचे नव्हते. कथा कुठे संपते, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तरकांडात सीतेला आश्रय देणारे, लव-कुशांना घडवणारे आणि त्यांच्या मुखी रामकथा देणारे वाल्मीकी स्वतः पात्र म्हणून उभे राहतात. राज्याभिषेकाशी पडदा पाडणे म्हणजे राजाला ठेवून कवीला वगळणे होते. आणि त्या कवीचे नाव धारण करणाऱ्या, समाजाने ज्यांना वेशीबाहेर ठेवले त्यांना कथेबाहेरही ठेवणे होते. शेवटाची जागा निवडणे ही सत्तेची कृती असते, हे कोणत्याही सिद्धांतग्रंथापेक्षा त्या संपाने अधिक स्पष्टपणे दाखवले.

४

विज्ञानकथेतील करार निराळा असतो. तेथे कथा आधीपासून ठाऊक नसते. विज्ञानकथा एक विलक्षण जग मांडते आणि ते कोणत्या तरी नियमाने चालते असे वचन देते. त्या नियमाचा शोध हा वाचनाचा मुख्य आनंद असतो. म्हणून शेवटाकडून येथे आश्वासनापेक्षा उलगड्याची अपेक्षा अधिक असते.

'द प्रिझनर'ने हे वचन जाणीवपूर्वक मोडले. नोकरीचा राजीनामा दिलेला एक हेर अज्ञात खेड्यात कैद आहे. त्याला 'सहा' या क्रमांकाने ओळखले जाते. 'एक' कोण, हा सतरा भागांचा प्रश्न. फेब्रुवारी १९६८ मधील अखेरच्या भागात 'एक'चा मुखवटा ओढला जातो. त्याखाली वानराचा मुखवटा निघतो, आणि त्याखाली खुद्द नायकाचाच चेहरा. प्रेक्षक संतापले. मालिकेचे कर्ते आणि नायक पॅट्रिक मॅकगूहन त्या रोषाची आठवण पुढे अनेकदा सांगत. प्रेक्षकांना खलनायकाचे नाव हवे होते. त्यांना आरसा मिळाला. रूपक म्हणून हा शेवट आज गौरवला जातो. पण पहिल्या प्रेक्षकाची तक्रारही खोटी नव्हती. हेरकथेच्या भाषेत विचारलेल्या प्रश्नाला रूपककथेच्या भाषेत उत्तर देण्यात आले होते.

दुसरे उदाहरण जपानमधील. हिदेआकी आन्नो यांची 'निऑन जेनेसिस इव्हॅन्जेलियन' ही सव्वीस भागांची चित्रमालिका ऑक्टोबर १९९५ ते मार्च १९९६ या काळात प्रक्षेपित झाली. महाकाय यंत्रदेहांत बसून 'देवदूत' नामक आक्रमकांशी लढणारी चौदा वर्षांची मुले हा तिचा विषय. अखेरच्या दोन भागांत मात्र युद्ध, यंत्रे, कारस्थाने सारे मागे पडते. नायक शिंजी स्वतःच्या मनात उतरतो. पडद्यावर स्थिरचित्रे, कच्ची रेखाटने, अक्षरे येतात. आणि शेवटी सगळी पात्रे त्याच्याभोवती उभी राहून टाळ्या वाजवत त्याचे अभिनंदन करतात. बाह्य कथानकाचे काय झाले, हे सांगितलेच जात नाही. या शेवटावर स्तुतीपासून धमक्यांपर्यंत सर्व प्रकारच्या प्रतिक्रिया निर्मात्यांकडे आल्या.

पुढे जे झाले ते या विवेचनाच्या दृष्टीने कळीचे आहे. जुलै १९९७ मध्ये प्रदर्शित झालेल्या चित्रपटात आन्नो यांनी तोच शेवट बाह्य घटनांच्या बाजूने पुन्हा सांगितला. त्या चित्रपटात, निमिषभर झळकणाऱ्या प्रतिमांत, निर्मात्यांकडे आलेली प्रेक्षकांची पत्रे व संदेश दिसतात. चित्रपटगृहातील खुर्च्यांवर बसलेले प्रेक्षकही दिसतात. प्रेक्षकाचा राग कृतीच्या आत बसवला गेला. लेखनिकाची पुष्पिका पोथीत शिरावी, नामधारकाची तटस्थता ग्रंथात शिरावी, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे ग्राहक कृतज्ञ नसून दुखावलेला आहे, आणि कर्ता त्याला क्षमाही मागत नाही व वगळतही नाही. आन्नो यांनी २००७ पासून ही कथा नव्या चित्रपटमालिकेत पुन्हा मांडली. तिचा समारोप २०२१ मध्ये झाला. पहिल्या शेवटापासून पाव शतक.

तिसरे उदाहरण अमेरिकेतील 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'चे. यंत्रमानवांनी मूळ वस्ती उद्ध्वस्त केल्यावर उरलेली माणसे नव्या भूमीच्या शोधात निघतात. २० मार्च २००९ रोजी प्रक्षेपित झालेल्या अखेरच्या भागात ती दीड लाख वर्षांपूर्वीच्या आपल्या पृथ्वीवर पोचतात, आपली जहाजे सूर्यात लोटून देतात आणि यंत्रविद्येचा त्याग करतात. मृत्यूनंतर परतलेली वैमानिक कारा थ्रेस बोलता बोलता अदृश्य होते. या सगळ्यामागे ईश्वरी योजना सूचित केली जाते. प्रेक्षकांत उभी फूट पडली. एका पक्षाच्या मते कार्यकारणाच्या जागी दैव आणून विज्ञानकथेचा विश्वासघात झाला. दुसऱ्या पक्षाने दाखवून दिले की माणसांचे अनेक देव आणि यंत्रांचा एक देव हा संघर्ष मालिकेत पहिल्यापासून होता. दोन्ही पक्ष एकच मालिका पाहत होते. त्यांनी तिच्याशी केलेले करार मात्र दोन होते. कारा थ्रेसचे नाहीसे होणे 'गुरुचरित्रा'च्या श्रोत्याला खटकले नसते, कारण त्याच्या करारात गुप्त होणे हे असण्याचेच एक रूप आहे. विज्ञानकथेच्या करारात ते कलम नाही. किंवा आहे की नाही, हाच तर वाद होता.

५

मराठी विज्ञानकथेने हा प्रश्न मालिकेच्या रूपात फारसा हाताळलेला नाही. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकर यांनी नारायण विनायक जगताप या नावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली. तेथपासून बहरलेली मराठी विज्ञानकथा प्रामुख्याने लघुकथेच्या वळणाने वाढली. लघुकथेत शेवट काही पानांतच येतो. अपेक्षा वर्षानुवर्षे साचत नाहीत. तरीही शेवटाविषयीची सांस्कृतिक अपेक्षा तेथेही काम करते. नारळीकरांच्या कादंबरीचे 'वामन परत न आला' हे मराठी शीर्षक पुनरागमन नाकारते. तिच्या इंग्रजी अवताराचे 'द रिटर्न ऑफ वामन' हे शीर्षक मात्र पुनरागमनच पुढे करते. परत येणे हा ज्या वाचकाच्या पुराणपरंपरेचा स्थायी संकेत आहे, त्याच्यासमोर नकाराला अधिक धार येते.

दूरदर्शनवर १९९७ ते २००५ या काळात चाललेली 'शक्तिमान' ही हिंदी मालिका मराठी मुलांचीही होती. योग, अणू-अंतराळाची परिभाषा आणि अतिमानव यांचे ते मिश्रण होते. शक्तिमान वाचवायला येईल या भरवशावर मुलांनी जीव धोक्यात घातल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या आणि त्या बातम्यांवर वादही झाला. नायकच भागाच्या शेवटी मुलांशी थेट बोलू लागला. 'छोटी छोटी मगर मोटी बातें' हा उपदेशाचा तुकडा मालिकेची खूण बनला. प्रत्येक भागाच्या अखेरीस फलश्रुती असावी, तसा. मालिका मात्र वाढत्या प्रक्षेपण-खर्चाच्या कारणाने थांबली, असे मुकेश खन्ना यांनी नंतर सांगितले. प्रत्येक भागाला समारोप होता, महाकथेला नव्हता. ती पुढे न्यावी ही मागणी त्या पिढीने प्रौढ झाल्यावरही सोडली नाही.

६

येथे एक आक्षेप संभवतो. प्रेक्षकाच्या रोषाला एवढे महत्त्व दिले तर निर्माते त्याला खूश करण्यासाठी शेवट बेतू लागतील, आणि कलेचे स्वातंत्र्य उरणार नाही. आक्षेप निराधार नाही. परंतु प्रतिसादाचा अभ्यास करणे म्हणजे त्याची आज्ञा पाळणे नव्हे. मॅकगूहन यांनी शेवट बदलला नाही. आन्नो यांनी तो पुन्हा सांगितला, पण सौम्य केला नाही. 'रामायणा'च्या बाबतीत मात्र प्रेक्षकांनी मागितलेला भाग मूळ ग्रंथपरंपरेतलाच होता. तिन्ही ठिकाणी करार वेगळा, म्हणून न्यायही वेगळा.

साहित्येतिहासाने लेखकाच्या शेवटाशी थांबण्याची सवय मुद्रित ग्रंथाकडून घेतली. कारंजाच्या भांडारातील पोथी उघडणारा संपादक तसा थांबत नाही. अंतिम कडव्यानंतरची पुष्पिका तो तितक्याच काळजीने उतरवून घेतो. कारण ग्रंथ कोणाच्या हातात होता, कोणासाठी होता आणि त्याने त्यांना काय दिले, हे तिथेच कळते. वर्तमानपत्रांना आलेली पत्रे, निवेदने, संपाच्या मागण्या, चाहत्यांचे वाद ही दूरचित्रवाणीच्या युगातील पुष्पिका आहे. ती उतरवून घेणे, पाठभेदांसह तिचे संपादन करणे आणि मूळ संहितेच्या शेजारी ठेवून वाचणे हे काम मराठीतील संशोधकाला परके वाटण्याचे कारण नाही. त्याची शिस्त त्याच्या परंपरेतच आहे.