एब्स्टाइन विकृती

हृदयाच्या त्रिदली झडपेची दुर्मीळ जन्मजात विकृती. सुमारे २०,००० जिवंत जन्मांमागे ती एका बालकात आढळते. जर्मन वैद्य व्हिल्हेल्म एब्स्टाइन यांनी १८६६ मध्ये १९ वर्षांच्या एका मजुराच्या शवविच्छेदनावरून तिचे प्रथम वर्णन केले.

रचना : त्रिदली झडप उजवे अलिंद (वरचा कप्पा) व उजवे निलय (खालचा कप्पा) यांच्यामध्ये असते. या विकृतीत तिची दले गर्भावस्थेत निलयाच्या भिंतीपासून नीट सुटी होत नाहीत व खाली सरकलेली राहतात. त्यामुळे निलयाचा काही भाग अलिंदात मोडतो, फुप्फुसांकडे रक्त ढकलणारा कप्पा लहान पडतो आणि झडपेतून रक्त मागे गळते.

लक्षणे : विकृती तीव्र असल्यास नवजात बाळ निळे पडते, सौम्य असल्यास प्रौढपणापर्यंत कळतही नाही. दम लागणे, थकवा व धडधड ही नेहमीची लक्षणे होत.

गुंतागुंत : बहुतेक रुग्णांत दोन्ही अलिंदांमधील पडद्याला छिद्र असते. त्यातून अशुद्ध रक्त डावीकडे जाऊन नीलता येते. रक्ताची गुठळी त्याच वाटेने मेंदूत पोचल्यास पक्षाघात होतो. काही रुग्णांत अलिंद-निलयांना जोडणारा जादा विद्युतमार्ग असतो. त्यामुळे ठोके एकाएकी अतिवेगाने पडतात, क्वचित मृत्यूही ओढवतो. उजव्या बाजूचे हृदय निकामी होणे व हृदयाच्या अंतःस्तराचा जंतुसंसर्ग हे अन्य धोके आहेत.

निदान व उपचार : टू-डी इकोने निदान पक्के होते, ईसीजीवरून ठोक्यांतील दोष कळतो. सौम्य विकृतीत नियमित तपासणी पुरते. जादा विद्युतमार्ग कॅथेटरने निकामी करता येतो. ब्राझीलचे शल्यविशारद दा सिल्व्हा यांनी १९९३ मध्ये झडपेची दले सोडवून शंकूच्या आकारात पुन्हा शिवण्याची पद्धत सुरू केली. आज ती अनेक ठिकाणी वापरली जाते.

महाराष्ट्रातील तपासणी : राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. त्यातील पथके अंगणवाडीतील बालकांना वर्षातून दोनदा, तर शाळेतील मुलांना एकदा तपासतात. जन्मजात हृदयविकार त्यांच्या यादीत आहे. उदाहरणार्थ, लासलगाव (ता. निफाड) परिसरातील अशा संशयित बालकाची पुढील वाट जिल्ह्याच्या ठिकाणी, नाशिकला जाते. शस्त्रक्रियेसाठी मात्र बालहृदयशल्यचिकित्सेची सोय असलेले मोठे रुग्णालय लागते. सौम्य विकृती लहानपणी निसटू शकत असल्याने मोठ्या वयात धडधड सुरू झाल्यासही इको करणे आवश्यक ठरते.