दोन टिक्सच्या मधला मेंदू

टिक कशी दिसते हे डोंगरकडा गावातल्या शिक्षकांना सांगायची गरज नाही, फक्त तिचं नाव ओळखीचं नसतं. दुसरी-तिसरीतलं पोरगं फळ्याकडे बघताना सारखे डोळे मिचकावतं, मान एका बाजूला झटकतं, मधूनच खाकरतं. ‘चाळे बंद कर’ म्हटलं की मिनिटभर आवरतं. त्या मिनिटात गणित मात्र डोक्यात शिरत नाही. घरी कुणी नजर काढतं, कुणी फिट समजून नांदेड गाठतं. पण ही फिट नव्हे. शुद्ध हरपत नाही, थोडा वेळ रोखताही येतं आणि टिक येण्याआधी आत काहीतरी सळसळतं, असं जरा मोठी मुलं सांगतात. बहुधा पाचव्या-सहाव्या वर्षी सुरुवात, दहा-बाराव्या वर्षी जोर आणि वयात येता येता पुष्कळांच्या बाबतीत उतार, असा हिचा क्रम. अनेक हालचाली आणि निदान एक आवाज वर्षाहून जास्त टिकला, तर त्याला टुरेट सिंड्रोम म्हणतात. जॉर्ज जिल द ला टुरेट यांनी 1885 साली पॅरिसमध्ये नऊ रुग्णांवर लिहिलं, त्यावरून हे नाव पडलं. आपल्याकडे ते घरोघरी पोचवलं ते 2018 च्या ‘हिचकी’ या सिनेमानं, हे वैद्यकीय ग्रंथांनी मनाला लावून घेऊ नये.

या विषयात नव्यानं येणाऱ्याचं स्वागत करताना मला एका उलट्या प्रश्नाकडे बोट दाखवायचं आहे. टिक येते तेव्हा मेंदूत काय होतं, हे पुष्कळांनी विचारलं. टिक नसते तेव्हा काय चाललेलं असतं? शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम दोन टक्के, पण ऊर्जेच्या खर्चात सुमारे वीस टक्के; आणि हा खर्च माणूस स्वस्थ बसला म्हणून फारसा घटत नाही. अनेक वर्षं संशोधक स्वस्थ मेंदूतली ही पार्श्वभूमीची खळबळ कचरा समजून वजा करत आले. टिकचं मूळ तिथेच असेल, तर आपण मोजायची गोष्टच फेकत होतो.

मेंदूच्या खोल भागात स्ट्रायटम नावाची जागा आहे. पाटाचं पाणी देताना दारं धरणारा माणूस एका वाफ्याचं दार उघडतो आणि शेजारची मातीनं बुजवून ठेवतो. हव्या त्या हालचालीला वाट देणं आणि बाकीच्या अडवणं, हे स्ट्रायटमचं काम साधारण तसंच. अडवण्यात तिथल्या काही छोट्या चेतापेशींचा मोठा हात असतो. टुरेट असलेल्या मोजक्या व्यक्तींच्या मरणोत्तर तपासणीत या पेशी कमी आढळल्या. प्रयोगशाळेत माकडांच्या मेंदूतला हा अडसर औषधानं एका ठिकाणी सैल केला, तर टिकसारखे झटके दिसू लागले. इस्रायलमधल्या संशोधकांनी उंदरांवर केलेलं काम मला सर्वांत बोलकं वाटतं. टिक शरीरात कुठे उमटणार हे स्ट्रायटममधल्या जागेवर ठरलं. कधी उमटणार हे मात्र मेंदूच्या सालीतून सतत येणाऱ्या संदेशांवर. म्हणजे पार्श्वभूमी नुसती मागे पडून नव्हती, ती वेळ ठरवत होती.

याच पार्श्वभूमीकडे बघत 2021 साली जर्मनीतल्या म्युंखाऊ, बेस्टे आणि सहकाऱ्यांनी टुरेटचा विचार ‘चेतांमधला गोंगाट वाढलेला’ अशा अंगानं मांडला. डोक्यावर इलेक्ट्रोड लावून घेतलेल्या ईईजीत ठरावीक तालाच्या लहरी असतात, तशीच त्यांच्याखाली बिनतालाची खळबळही असते; गोंगाट शोधायचा तो तिच्यात. मंद कंपनांत तिची ताकद जास्त, जलद कंपनांत कमी. ही उतरंड सपाट होत गेली, तर उत्तेजनाच्या मानानं अडवणूक कमी पडते आहे, असा तर्क करतात. तर्कच, कारण उतरंड झोपेत बदलते, वयानुसार बदलते. शिवाय इथे एक खास पेच आहे. मान झटकली, पापणी मिटली की स्नायूंची वीज ईईजीत मिसळते आणि जलद कंपनं फुगवून तीच उतरंड सपाट दाखवते. मेंदूचा गोंगाट म्हणून आपण मानेचा स्नायू मोजून बसू शकतो. या क्षेत्रातला कोणताही निबंध हाती घेतला, की स्नायूंची वीज कशी गाळली एवढं आधी बघावं. निष्कर्ष नंतर वाचले तरी चालतात.

उपचार गोंगाटाचा उलगडा होईपर्यंत थांबलेले नाहीत. अमेरिकेत 126 मुलांवर झालेल्या आणि 2010 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्तनोपचारानं चांगला फरक पडला: आतली सळसळ ओळखायची आणि त्या क्षणी टिकशी न जुळणारी दुसरी हालचाल करायची.

पण त्याआधी टिक ओळखली जायला हवी. 2013 साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळेशाळेत येतात. त्यांच्या यादीत फिट आहे, चंचलता आहे, टिक नाही. म्हणून पहिली नोंद शिक्षकाच्या किंवा आईच्या नजरेतून व्हायला हवी. दवाखान्यात डॉक्टरांसमोर पोरगं नेमकं शांत बसतं, तेव्हा घरी मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ सोबत न्यावा. आणि तो छोटा करण्याच्या नादात टिक्सच्या मधली शांत सेकंदं कापू नयेत.